तोलाची पेटी

ज्या वर्षी नीलांबर एअरने वैमानिक निवडण्याचं काम माणसांकडून काढून एका पेटीकडे सोपवलं, त्या वर्षी तन्मय जिगेला सव्वीस पूर्ण झाली होती. शिष्यवृत्तीला वयाची अट सव्विसाचीच. म्हणजे ही त्याची अखेरची संधी.

जालन्याबाहेरच्या माळावर, जिथे पूर्वी शेळ्यांशिवाय कुणी फिरकत नसे, तिथे नीलांबरची वैमानिक प्रबोधिनी उभी होती. एक धावपट्टी, दोन हँगर, वसतिगृह आणि काचेच्या भिंतींचा सिम्युलेटर कक्ष. दरवर्षी चोवीस जणांना कंपनी स्वतःच्या खर्चाने वैमानिक करायची आणि शिकून झालं की थेट नोकरीवर घ्यायची. त्या चोविसांपैकी बारा जागा मुलींच्या.

आदल्या वर्षी तन्मय मुलांमध्ये तेरावा आला होता. मुलं-मुली मिळून बघितलं तर पंधरावा. एकतिसाव्या क्रमांकावरची श्रावस्ती खिल्लारे आत गेली आणि तो बाहेर राहिला. तो एकतीसचा आकडा त्याने पाठ केला नव्हता, पण डोक्यातून जातही नव्हता.

निकालानंतर प्रबोधिनीच्या प्रमुख कॅप्टन उर्मी पेंढारकर यांनी त्याला बोलावून घेतलं. "इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे तुझा. सिम्युलेटर सांभाळशील? पुढच्या वर्षी परत अर्ज कर." तो हो म्हणाला. विमानांच्या जवळ राहता येईल, एवढाच विचार त्याने केला. मग वर्षभर त्याने त्याच चोवीस जणांसाठी सिम्युलेटर दुरुस्त केला. पंगतीत आपल्या पाटावर दुसरा बसलेला आणि आपण त्याला वाढतोय, असं त्याला पहिले काही महिने वाटत राहिलं. श्रावस्ती आली की तो नजर यंत्रावरच ठेवायचा.

*

पेटी आली ती दिवाळीनंतर. तिचं कंपनीने ठेवलेलं नाव 'तोल'. एका माणसाला बसता येईल एवढं बंदिस्त खोकं, आत खुर्ची, समोर कॉकपिटसारखा पडदा, हातात सुकाणू आणि पायांशी पेडल. कपाळाला लावायचा एक पट्टा आणि पडद्याच्या वर डोळ्यांवर रोखलेले दोन बारीक कॅमेरे.

कल्पना सोपी होती. विमान सरळ चाललेलं असताना बहुतेक सगळेच चांगले वैमानिक असतात. प्रश्न येतो तो अचानक काहीतरी बिघडल्यावर. इंजिन बंद पडतं, घंटा वाजू लागते आणि त्या क्षणी माणसाचं लक्ष आक्रसतं. समोर वीस गोष्टी असतात, त्याला एकच दिसते. लाल दिवा दिसला तर तो लाल दिव्याकडेच बघत बसतो. उंची कमी होतेय, वेग घटतोय, हे त्याच्या गावीही नसतं. या अवस्थेला वैमानिक बोगदा म्हणतात. बोगद्यात प्रत्येक जण शिरतो. त्यातून कोण किती लवकर बाहेर येतो, कुणाची नजर पुन्हा सगळ्या तबकड्यांवरून फिरू लागते, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

'तोल' नेमकं तेच मोजत होती. कॅमेरे नजर टिपायचे, पट्टा मेंदूतली विजेची लहर टिपायचा. शेकडो अनुभवी कॅप्टनांची अशी मोजमापं देऊन यंत्राला शिकवलं होतं. पेटीत पाऊण तास बसलेल्या नवख्याची चाल त्या कॅप्टनांच्या चालीशी किती जुळते, हे बघून यंत्र शंभरपैकी गुण द्यायचं.

"याला नाव कळत नाही, गाव कळत नाही. बाई की पुरुष, तेही कळत नाही," कॅप्टन पेंढारकर पहिल्या बैठकीत म्हणाल्या. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या. त्या उडायला लागल्या तेव्हा मुलींसाठी कुठलीच सवलत नव्हती, आणि पुढे ती आली तेव्हा त्यांनी तिला उघड विरोध केला होता. "उडताना विमान तुम्हाला विचारत नाही. मग निवडताना आपण का विचारायचं?"

संचालक मंडळाला पटलं. राखीव जागा गेल्या. चोवीसच्या चोवीस जागा पेटीच्या गुणांवर.

तन्मयला वाटलं, आपली वर्षभराची तक्रार कुणीतरी न सांगता ऐकली.

*

त्याच्या घरी एक अडचण होती, आणि तिचं नाव ईश्वरी. त्याची धाकटी बहीण. वय एकवीस, उंची जेमतेम पाच फूट, आणि विमानाचं वेड दादाकडूनच लागलेलं. कॅप्टनांच्या परवानगीने तन्मय रविवारी तिला मोठ्या सिम्युलेटरवर बसवायचा. तो तिच्या मागे उभा राहून मुद्दाम इंजिन बंद पाडायचा. ती एक मोठा श्वास घ्यायची, विमानाचं नाक थोडं खाली करायची आणि मग शांतपणे, भाजी निवडावी तशी एकेक गोष्ट हातावेगळी करायची.

"तुला भीती नाही वाटत?" त्याने एकदा विचारलं होतं.

"वाटते ना. पण ती मागच्या सीटवर बसते."

दोघांनीही अर्ज भरला. परीक्षा घ्यायला यंत्राच्या कंपनीची माणसं आली. तन्मय स्वतः उमेदवार असल्याने त्या आठवड्यात त्याला कक्षात पाऊल टाकायची बंदी होती. यादी लागली. तन्मयला एक्क्याऐंशी गुण, क्रमांक एकोणिसावा. ईश्वरीला बासष्ट. तिचं नाव यादीच्या आसपासही नव्हतं. चोविसांत मुली पाचच.

त्यांचे वडील दिगंबर जिगे जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांनी शाळेत पेढे वाटले. आईने तन्मयची दृष्ट काढली. ईश्वरीने त्याला मिठी मारली, "दादा, तुझंच होतं ते," म्हणाली आणि गच्चीवर कपडे आणायला गेली. ती बराच वेळ खाली आली नाही.

"बिचकली असेल," वडील म्हणाले. "पहिल्यांदा मैदानात उतरलं की होतं तसं."

तन्मयने मान डोलावली. पण ईश्वरी बिचकत नाही, हे त्या घरात त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

परीक्षा संपल्यावर पेटीची देखभाल त्याच्याकडे आली. कॅमेऱ्यांची तपासणी करताना उमेदवारांच्या नजरेची चित्रणं बघावीच लागत. नावं नसायची, फक्त क्रमांक. पडद्यावर एक हिरवा ठिपका उमेदवाराची नजर दाखवत फिरायचा. काही चित्रणांत तो ठिपका मधूनच नाहीसा व्हायचा आणि त्या जागी राखाडी पट्टा यायचा. कॅमेऱ्याला डोळा सापडला नाही, असा त्याचा अर्थ. तांत्रिक गोष्ट. तन्मयने कॅमेऱ्याची काच पुसली आणि पुढे गेला.

मग एक गोष्ट त्याला खटकली. राखाडी पट्टे सगळ्यांच्या चित्रणात नव्हते. काहींच्या नव्हतेच, काहींच्या मात्र ओळीने होते. आणि ज्यांच्या होते त्या सगळ्यांची खुर्ची पुढे ओढलेली होती. खुर्ची किती पुढे आहे याची नोंद यंत्र आपसूक ठेवायचं, पण तिच्याकडे कुणी बघत नसे.

त्याने पेटीत डोकं घातलं आणि खुर्ची नीट बघितली. खऱ्या विमानातली सीट पुढे-मागे होते, तशी वरखालीही होते. पेडलही जवळ घेता येतात. त्यामुळे वैमानिक उंच असो की बुटका, त्याचे डोळे ठरलेल्या जागी आणता येतात. पेटीतली खुर्ची फक्त पुढे-मागे सरकत होती. खर्च वाचवायला केलं असावं. पाय पोचत नसेल त्याने खुर्ची पुढे ओढायची, बस्स. पण पुढे ओढली की डोळे पडद्याच्या फार जवळ आणि खाली जायचे. या तबकडीवरून त्या तबकडीकडे बघायला इतरांना नुसती नजर फिरवावी लागे, तिथे याला मान वळवावी लागे. मान वळली की कॅमेऱ्याला डोळा दिसेनासा व्हायचा. आणि डोळा दिसला नाही की यंत्र समजायचं, हा बोगद्यात आहे.

तन्मयने दार लावून घेतलं, खुर्ची शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढली आणि स्वतः बसला. गुडघे छातीशी आले. कंबरेत वाकून त्याने डोळे खाली आणले, तेच बिघाड लावले, तीच परीक्षा दिली.

सहासष्ट.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कँटीनमध्ये श्रावस्ती खिल्लारेसमोर जाऊन बसला. वर्षभरात पहिल्यांदाच. ती हिंगोलीकडची, कळमनुरीची. उंचीला ईश्वरीपेक्षाही बोटभर कमी.

"एक काम होतं," तो म्हणाला. "पेटीत दोनदा बसशील? एकदा अशीच, आणि एकदा खाली उशा घेऊन. पेडलला मी लाकडी ठोकळे बांधतो."

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. "मी पात्र होते की नाही ते बघायचंय का तुला? वर्षभराने?"

"नाही. पेटी पात्र आहे का, ते बघायचंय."

ती आली. नुसती बसली तेव्हा एकसष्ट. उशा आणि ठोकळ्यांवर त्र्याऐंशी. आधी उशा, मग नुसती, असंही करून बघितलं, फरक तोच. पट्टा काढता काढता तिने पडद्यावरचे दोन्ही आकडे बघितले आणि ती खुर्चीच्या काठावर टेकली.

"मागच्या वर्षी बारा जागा नसत्या तर तू आत असतास," ती म्हणाली. "मला माहीत आहे ते. तू वर बघत नाहीस तेव्हा दर वेळी आठवतं."

तन्मय पेडलचे ठोकळे सोडवू लागला.

"त्या जागा नसत्या तर मी अर्जच भरला नसता. मुली चालतात, हे मला त्या जाहिरातीतनंच कळलं. पण खरं सांगू? अजून वर्गात कुणी माझ्याशी लँडिंगची पैज लावत नाही. लँडिंग चुकलं तर म्हणतात, साहजिक आहे. जमलं तर म्हणतात, नशीब. आज या पेटीवर विसंबले असते तर मीसुद्धा म्हटलं असतं, नशीबच होतं." तिने केस सारखे केले. "आता काय करणार तू?"

"बघतो."

"तुझा नंबर कितवा?"

"एकोणिसावा."

"अरे देवा," श्रावस्ती म्हणाली.

*

त्याने पहिल्यांदा वडिलांना सांगितलं. सकाळी शाळेच्या मैदानावर, मुलं पळत असताना. जिगे सरांनी शिट्टी हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"यंत्र तुझं नाही. परीक्षा तू घेतली नाहीस. तू कुणाला फसवलंस का?"

"नाही."

"मग? जिंकलेल्याने पंचाची चूक दाखवायची असते का कधी?"

"पप्पा, ईश्वरीचे गुणही त्याच खुर्चीवरचे आहेत."

एक मुलगा धापा टाकत जवळून गेला. त्याला सरांनी हातानेच पुढे जायला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ईश्वरी एकवीसची आहे. तिला अजून चार-पाच वर्षं मिळतील. तोवर ही पेटी कुणीतरी सुधारेल. तुझं हे शेवटचं आहे, तन्मय. मी बाप आहे दोघांचा. हिशोब मलाही कळतो."

यात खोटं काहीच नव्हतं. चार दिवस तो कामावर गेला, आला, जेवला. चार महिन्यांनी सांगितलं तरी पेटी सुधारेलच, असं त्याने स्वतःला समजावून बघितलं. मागच्या वर्षी माझ्यासाठी कोण बोललं होतं, हेही विचारून बघितलं. पण मागच्या वर्षीची त्याची जागा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, नियम आधी जाहीर करून गेली होती. भांडायला तरी जागा होती. खुर्चीमुळे अडकलेल्या या लोकांची जागा गेली होती आणि ते घरी बसून स्वतःलाच दोष देत होते. ईश्वरीने रविवारी सिम्युलेटरवर यायचं बंद केलं होतं. "माझ्यात नाही ते दादा, उगाच कशाला," असं तिने म्हटलं, आणि त्या संध्याकाळी त्याने मनाशी ठरवलं.

*

कॅप्टन पेंढारकरांनी त्याचे आकडे दोनदा वाचले. मग उठून स्वतः पेटीपाशी गेल्या. चष्मा काढून, गुडघे दुमडून आत बसल्या, खुर्ची पुढे ओढली, बाहेर आल्या.

"यंत्राची कंपनी म्हणेल, आम्ही महिला कॅप्टनांवरही तपासलं होतं. आणि ते खरंही असेल."

"हो मॅडम. पण ते मोठ्या सिम्युलेटरवर, जिथे सीट वर होते. यंत्राला बाई-पुरुष कळत नाही, हे बरोबर आहे. खुर्चीला कळतं. आणि पूर्ण कळतं असंही नाही. बुटके मुलगेही अडकलेत."

"तुझा क्रमांक कितवा रे?"

"एकोणिसावा."

"परत परीक्षा झाली तर?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणून सांगतोयस, की अंदाज असून सांगतोयस?"

"अंदाज आहे."

कॅप्टन खिडकीशी उभ्या राहिल्या. धावपट्टीवर एक छोटं विमान उतरत होतं. "पंचवीस वर्षं मी जुन्या, सीट वर न होणाऱ्या विमानांत पाठीमागे उशी घेऊन बसले," त्या म्हणाल्या. "आईने शिवलेली. कुणाला दिसू नये म्हणून निळ्या पिशवीत ठेवायचे. आणि पेटी विकत घेताना खुर्ची बघायचं मला सुचलं नाही." मग वळून म्हणाल्या, "यादी थांबवते मी. पण एक लक्षात ठेव. तुला कुणी धन्यवाद देणार नाही. आधीच्या यादीतले तर मुळीच नाहीत."

ते खरं ठरलं. यादीतल्या एका मुलाच्या वडिलांनी तन्मयला फोन करून शिव्या घातल्या. पण खरा वार झाला तो घरात.

"कुणी सांगितलं होतं तुला?" ईश्वरी दारात उभी राहून म्हणाली. ती मोठ्याने बोलत नव्हती, आणि तिचं तसं बोलणं जास्त लागायचं. "आता मी पास झाले तर लोक काय म्हणतील? भाऊ तिथेच कामाला होता, त्याने जागा करून दिली. जन्मभर चिकटेल मला ते."

"तुझ्या एकटीसाठी नाही केलं."

"थोडं तरी केलंस ना?"

"थोडं केलं," तो म्हणाला.

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने कॅप्टनांना स्वतः फोन लावला. माझी परीक्षा या प्रबोधिनीत नको, दुसऱ्या शहरात घ्या, आणि माझी ओळख नसलेल्या माणसांसमोर घ्या, असं तिने मागितलं. कॅप्टनांना ते इतकं आवडलं की त्यांनी सगळ्यांचीच फेरपरीक्षा पुण्याला, नव्या खुर्चीच्या पेट्यांवर ठेवली.

*

नव्या यादीत मुली अकरा होत्या. आणखी दोन मुलगे नव्याने आले. त्यातला एक तोरणमाळचा, जेमतेम पाच फूट दोन इंच. ईश्वरी चौदावी आली.

तन्मयला या वेळीही एक्क्याऐंशीच गुण मिळाले. त्याचा एक गुणही कमी झाला नव्हता. फक्त त्याच्या पुढे असलेली आठ माणसं आता दिसू लागली होती. तो सत्ताविसावा होता.

त्या आठवड्यात घर चमत्कारिक झालं. वडील आतल्या खोलीत फोनवर "लेक पायलट होणार आमची" असं सांगत असायचे आणि तन्मय आला की एकदम पावसापाण्याचं विचारू लागायचे. आईने पुरणपोळी केली, पण कशासाठी ते कुणी बोललं नाही. शेवटी तन्मयनेच ताटावर बसल्या बसल्या म्हटलं, "पप्पा, पेढे आणा. मी खाणार आहे."

तो हसला होता, पण त्या रविवारी तो हँगरच्या मागे एकटाच बसला आणि चांगला रडला. ही जागा आपली नव्हतीच, हे कळल्याने ती गेल्याचं दुःख कमी होईल, असं त्याला वाटलं होतं. ते तितकंसं कमी झालं नाही.

प्रबोधिनीत जायच्या आदल्या दिवशी ईश्वरी त्याच्या खोलीत आली. बराच वेळ त्याच्या टेबलावरची तारांची भेंडोळी सोडवत बसली.

"दादा, तू खुर्चीचं बोलला नसतास तर मी पुन्हा अर्ज केलाच नसता. तुला ठाऊक होतं का ते?"

"नाही."

"मलाही नव्हतं," ती म्हणाली. "मी अजून रागावलेली आहे थोडी. पण जेवायला चल."

*

मंडळाची पुढची बैठक लांबली. राखीव जागा परत आणायच्या का, हा प्रश्न होता. अकरा मुली आल्या, आता गरज काय, असं काही म्हणाले. कॅप्टनांनी तन्मयला आणि श्रावस्तीला बोलावून घेतलं.

"दोन्ही वर्षी फटका बसलेला माणूस तूच," त्या त्याला म्हणाल्या. "बोल."

तन्मय उभा राहिला. "नऊशे अर्जांत मुली दोनशे. पेटी कितीही चांगली केली तरी जी तिच्यापर्यंत आलीच नाही, तिचं ती काय मोजणार? पण मागच्या वर्षी माझी जागा गेली तेव्हा मला अन्यायच वाटला होता, आणि आजही तो शब्द मी मागे घेत नाही. दोन्ही खरं आहे. यातून मार्ग कसा काढायचा ते मला माहीत नाही."

"मला जाहिरात हवी होती," श्रावस्ती म्हणाली. "जागा मी मिळवली असती. कदाचित. पण दार माझ्यासाठी आहे, हे कुणीतरी सांगायला हवं होतं."

तीन तास वाद झाला. शेवटी निवडीच्या यादीत आरक्षण परत आणलं नाही. त्याऐवजी निवडीआधीचं महिन्याचं मोफत उड्डाण-शिबिर सुरू करायचं ठरलं. त्यातल्या निम्म्या जागा मुलींना, उरलेल्यांपैकी बऱ्याच अशा मुलांना ज्यांच्या तालुक्यात कुणी विमान जवळून बघितलेलं नाही. तीन वर्षांनी पुन्हा आकडे बघायचे. कुणाचंच पूर्ण समाधान झालं नाही. कॅप्टन म्हणाल्या, बहुतेक बरोबर जमलंय मग.

अशा पेट्या एव्हाना देशभर बसू लागल्या होत्या. बातमी पसरली तशी ठिकठिकाणहून विचारणा होऊ लागली. आमच्याही पेट्या बघून द्या. कॅप्टनांनी सगळीकडे एकच नाव कळवलं. पावसाळा संपता संपता तन्मय गुवाहाटीला निघाला. तिथल्या पेटीत डावखुऱ्यांचे गुण का घसरतात ते शोधायचं होतं. सिम्युलेटरमध्ये त्याने हजारो उड्डाणं बघितली होती. खऱ्या प्रवासी विमानात मात्र तो पहिल्यांदाच चढत होता.

खिडकीची जागा मिळाली. विमानाने धाव घेतली, नाक उचललं, आणि खालची जमीन तिरकी झाली. वर गेल्यावर डावीकडे लांबलचक वळण सुरू झालं. पंख हळूहळू झुकला, तेवढाच झुकलेला राहिला आणि तसाच हळूहळू सरळ झाला. घोषणा झाली, उंचीची आणि हवामानाची.

शेजारच्या काकू सीटचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. घोषणा संपल्यावर त्या त्याच्याकडे झुकल्या. "काय हो, पायलट बाई आहे का? मला इंजिनाच्या आवाजात नीट कळलं नाही."

तन्मयने आठवून बघितलं. त्याला आठवेना.

"माझं लक्ष नव्हतं काकू," तो म्हणाला.

"अगोबाई! मग कुठे होतं?"

"वळण बघत होतो. फार सुरेख घेतलं."